कुठवर ठेवायचं

मेंढी अर्धी कातरून झाली होती तेव्हा पोलीस आले.

ज्योतिबानं तिला कुशीवर पाडून तिचे पाय गुडघ्याखाली दाबले होते. डाव्या अंगाची काळी लोकर घोंगडीच्या तुकड्यासारखी सलग सुटून बाजूला पडली होती. जीप वस्तीत शिरल्याचं त्याला ऐकू आलं, पण कातर चालू असताना मान वर करायची नाही, कातडीला चावा बसतो, असं बापानं शिकवलेलं. म्हणून पहिली लाथ बसली तेव्हा तो खालीच बघत होता.

लाथ मानेखाली बसली. तो मेंढीवर उपडा पडला. मेंढी ओरडत उठली आणि अर्ध्या अंगानं उघडी, अर्ध्या अंगानं झाकलेली अशी बाभळीकडं पळाली.

"हातात हत्यार हाय, साहेब!" एक शिपाई ओरडला.

"कातर हाय ती," ज्योतिबा म्हणाला. "मेंढराची..."

काठी बोटांवर आली. कातर मातीत पडली. मग तिघे मिळून तुटून पडले. पोटरीवर, पाठीवर, कानशिलात. ज्योतिबा उंचापुरा गडी, पण त्यानं हात उगारला नाही. नुसता डोकं झाकत राहिला. फौजदारानं त्याचे केस मुठीत धरून त्याला उभा केला तेव्हा कानातून रक्ताची बारीक धार मानेवर उतरत होती.

बानूबाई कांद्याच्या वाफ्यातून धावत आली. हातातलं खुरपं तिनं वाटेतच टाकलं. कातरीपायी काय झालं ते तिनं लांबून बघितलं होतं.

"काय केलंय त्यांनी?"

"ठाण्यात या, समजंल."

"हितंच सांगा की. आमी कुठं पळून चाललोय?"

तिला कुणी मारलं नाही. एका शिपायानं तिच्या छातीवर पंजा ठेवून तिला मागं ढकललं, एवढंच. ती तुळशीच्या कट्ट्यावर आदळली. पूनम दारात उभी होती, बारावीतली पोर. तिनं ते बघितलं. आणि तिनं बघितलेलं आईनं बघितलं.

वस्ती भीमेच्या काठाला. अलीकडं शिरूर, पलीकडं दौंड, आणि मधल्या पात्रात वाळूच्या बोटी. बोटी पात्र उपसत गेल्या तशा काठच्या विहिरी खाली गेल्या. गेल्या वर्षी ज्योतिबाच्या वावराची नदीकडची पट्टी उभ्या उसासकट पाण्यात घसरली. त्या दिवसापासून तो वाळूच्या ट्रॅक्टरला आडवा जाऊ लागला. एकाचा टायर त्यानं कुऱ्हाडीनं फाडला, एका ड्रायव्हरच्या मुस्काटात दिली. दोन्ही केसेसमध्ये त्याला जामीन झाला होता. ज्यांच्या बोटी होत्या त्यांनी मग दुसरी वाट काढली.

ती वाट काय ते महेंद्रनं सांगितलं. महेंद्र खालच्या आळीचा, बौद्धवाड्यातला. ज्योतिबाबरोबर एका बाकावर शिकलेला. कारेगावात कंपनीला होता, तिथल्या युनियनची कागदपत्रं बघायचा. ड्युटीवरून येताना तो मोटारसायकल लावून ओट्यावर बसला. बानूबाईनं त्याला चहा दिला. त्याच्या चहाला कान तुटलेला एक कप होता आणि तो बाहेरच्या देवळीत असायचा. त्यानं तो आपणहून काढून पुढं धरला.

"गुन्हा कंचा लावलाय?" बानूबाईच्या सासूनं, गिताबाईनं विचारलं.

"गुन्हा लावला असता तर जामीन झाला असता, आत्या. लावलाच न्हाई, म्हणून तर जामीन न्हाई."

"आरं, आसं कसं?"

"त्यानं केलंय म्हणून न्हाई धरला. पुढं करंल म्हणून धरलाय. धोकादायक इसम म्हणत्यात. वरीसभर आत ठेवायचा, कोरटात उभाच करायचा न्हाई. तसा कायदाच हाय."

"करंल म्हणून?" म्हातारी म्हणाली. "मग मला बी धरा म्हनावं. अजून लई कायबाय करायचं ऱ्हायलंय माजं."

महेंद्र हसला. बानूबाईही हसली, आणि मग तिला हसल्याची लाज वाटली.

मेंढीला कुणी हात लावला नाही. ज्यानं पहिली कातर चालवली त्यानंच मेंढी पुरी करायची, दुसऱ्याचा हात लागला तर मेंढरांच्या सगळ्या खांडाला बरं नसतं, असं गिताबाईचं म्हणणं. मेंढी तशीच चरत राहिली. एका अंगाला लोकर वाढून लोंबायला लागली, दुसऱ्या अंगाला नवी लव आली. येणारेजाणारे बघायचे आणि तोंड फिरवायचे.

बानूबाईनं कांदा काढला, काटला, चाळीत भरला. रविवार धरले. खंडोबाचा रविवार, दिवेलागणीपर्यंत पाण्याचा थेंब नाही. उरलेल्या दिवसांत ती महेंद्रच्या मागं बसून फिरली. कलेक्टर कचेरी, झेरॉक्सचं दुकान, वकील. गावात कुजबूज झाली. तिच्या कानावर आली तशी तिनं ती सोडून दिली.

जेलात मुलाखत काचेतून. ज्योतिबानं फोन डाव्या हातानं धरला. उजव्या हाताची दोन बोटं वाकडीच जुळून आली होती.

"मेंढी कातरली का?" त्यानं विचारलं.

"तुमच्याबिगर कोन हात लावतंय?"

त्यानं ती बोटं काचेवर ठेवून बघितली, जशी दुसऱ्या कुणाची असावीत. "हितं आत खुनी हायेत, बाने. त्यांना तारीख मिळती. तारखेच्या दिशी दाढी करत्यात. मला तारीखच न्हाई."

असं धरलेल्यांना आत ठेवायचं का सोडायचं ते बघणाऱ्या तीन माणसांच्या मंडळापुढं त्याला एकदा उभं केलं. तिथं वकील चालत नाही. महेंद्रनं अर्ज लिहून दिला होता आणि काय बोलायचं ते मुलाखतीत त्याच्याकडून घोकून घेतलं होतं. मंडळ म्हणालं, कारण पुरेसं नाही, सोडा.

सोडायच्या दिवशी बानूबाई आणि महेंद्र जेलच्या दारात उभे होते. तिनं धुतलेला सदरा आणला होता, कमरेला भंडाऱ्याची पिशवी होती. छोटं दार उघडलं. ज्योतिबा वाकून बाहेर आला. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली. तिनं चिमटीनं भंडारा घेऊन त्याच्या कपाळाला लावला. तिचं बोट कपाळावर होतं तेवढ्यात जीप येऊन थांबली.

तोच फौजदार. हातात नवा कागद.

"कोरटानं सोडलंय मला," ज्योतिबा म्हणाला.

"कोरटानं न्हाई, मंडळानं. आन् ते जुनं हुतं. हे नवं."

ज्योतिबा मागं सरला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यानं पोलिसावर हात उगारला. तेवढंच त्यांना हवं होतं. त्यांनी त्याला खाली पाडून बुटानं तुडवला. बरगडी मोडल्याचा आवाज बानूबाईनं ऐकला, वाळक्या काटकीसारखा. भंडारा आणि रक्त मातीत एक झालं. महेंद्र मधे पडला तर त्याच्या पोटात कोपर बसलं. ज्योतिबाला जीपमध्ये टाकला तेव्हा त्याचा एक पाय बाहेर लोंबत होता. शिपायानं तो लाथेनं आत सारला.

"कुठवर ठेवनार हाय त्यांना?" बानूबाई म्हणाली. तिचा आवाज मुळात बारीक. फौजदाराला ऐकायला मान वाकवावी लागली.

"सुधरंल तवर."

"आता काय केलं त्यांनी? आतच तर हुते."

"आतनं निरोप धाडून दम देतो. दोघांनी जबाब दिलाय. तुमच्याच गावचे हायेत."

"कोन?"

"नावं सांगता येत न्हाईत, बाई. त्यांच्या जिवाला धोका हाय."

परतीच्या वाटेवर महेंद्र सांगत होता की आता मुंबईच्या हायकोर्टात जायचं, सोमवारी वकिलाकडं कागद पोचवायचे. बानूबाईला त्यातलं काही ऐकू आलं नाही. तिच्या कानात एकच बसलं होतं. तुमच्याच गावचे.

हौशीराम संध्याकाळी आला. ज्योतिबाचा चुलतभाऊ. त्याचा ट्रॅक्टर होता, मागं तोही वाळू वाहायचा, आता फक्त ऊस वाहतो असं सांगायचा. तो ओट्यावर न बसता उंबऱ्यात बसला, घरचा म्हणून.

"वैनी, एक इचारू का? कागद समदे कुनाकडं हायेत?"

"महेंद्र भाऊजींकडं."

"दादा जेलात काय बोलतो, कुनाला निरोप देतो, हे कुनाला ठावं असतं?"

बानूबाईनं चुलीतलं लाकूड आत सारलं.

"मी नाव घेत न्हाई," हौशीराम म्हणाला. "नाव घेनं माझ्या तोंडात न्हाई. देवाला घेऊ द्या. भंडारा ठेवा. गावात ज्याच्यावर म्हणून सौंशय हाय त्यानं उचलावा."

गिताबाई म्हणाली, "भंडारा आसा उठसूट ठेवत न्हाईत."

"मग तुमचं पोर उठसूट आत जाऊ द्या," हौशीराम म्हणाला आणि उठला.

रविवारी बानूबाईनं देवळासमोर ताट ठेवलं. ताटात भंडाऱ्याची रास, मधे सुपारी. चैत्राचं ऊन डोक्यावर आलं होतं, फरशी पायाला चटके देत होती. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं, जीभ टाळूला चिकटत होती. वस्तीतले बाप्ये एकेक करून आले. भंडारा मुठीत घ्यायचा, देवाकडं तोंड करायचं, आणि म्हणायचं, मी जबाब दिला असेल तर माझा वंश बुडो.

हौशीराम पहिला आला. त्यानं भंडारा घेतला, खणखणीत आवाजात बोलला, कपाळाला लावला आणि उरलेला तोंडात टाकला. त्याच्या मागनं बाकीचे. उचलला सगळ्यांनी.

महेंद्रला हौशीरामानं दोन पोरं पाठवून बोलावून घेतलं होतं. तो कंपनीच्या युनिफॉर्ममध्येच आला, दुपारच्या पाळीला निघालेला. ताट बघून थांबला.

"उचल," हौशीराम म्हणाला.

"वहिनी, हे काय हाय?"

"उचला, भाऊजी," बानूबाई म्हणाली. "समद्यांनी उचललाय."

महेंद्र ताटापासून एक पाऊल मागं सरला. मग म्हणाला, "आईची शपथ घेतो. माझ्या लेकरांची घेतो. म्या जबाब दिला न्हाई. पन भंडारा मी उचलनार न्हाई. माझ्या आज्यानं दीक्षा घेतली तवापासून आमच्या घरात ह्या शपथा बंद हायेत. तुम्हाला ठावं हाय हे. ज्योत्याला बी ठावं हाय."

"बघा," हौशीराम म्हणाला. "बघा म्हंजी झालं."

"वहिनी, तुम्ही बोला."

तिला बोलता आलं असतं. एवढंच म्हणायचं होतं, जाऊ द्या त्यांना. पण तिच्या डोळ्यांपुढं जीपमधून लोंबणारा पाय होता. आणि समोर एकच माणूस उभा होता ज्यानं देवाला हात लावला नव्हता.

"इचारा त्यांना," ती म्हणाली.

पहिला फटका हौशीरामानं दिला, उसाच्या टिपरीनं, तोंडावर. मग पाठीमागच्यांनी रेटा दिला. महेंद्र पायऱ्यांवरून खाली आला तो गुडघ्यांवर. कुणीतरी त्याचा हात मागं पिरगाळला, वर वर नेत राहिला, आणि खांद्यापाशी काहीतरी निसटलं. त्याची किंकाळी ऐकून देवळावरची पाखरं उडाली. "बोल, कुनाचं खाल्लंस? बोल, भाड्या!" आणि त्याच्यापुढं जातीवरून जे बोलले ते बानूबाईनं लहानपणापासून ऐकलेलं होतं, पण आपल्या ताटापुढं कधी ऐकलं नव्हतं. महेंद्रच्या तोंडातून रक्त आणि थुंकी लोंबत होती. तो एवढंच म्हणत होता, "न्हाई. म्या न्हाई."

त्यांनी त्याला फरपटत नदीकाठच्या मोटारीच्या खोलीत नेऊन टाकलं. जुन्या पंपाची खोली, वर पत्रा, खिडकी नाही. बाहेरून कुलूप घातलं. हौशीरामानं किल्ली आणून बानूबाईच्या हातावर ठेवली.

"न्याव तुमचा हाय, वैनी. किल्ली तुमच्यापाशी."

तिनं ती कमरेला खोचली. घरी जाऊन सांजचा उपास सोडायला पाण्याचा तांब्या भरून घेतला, परत आली आणि खोलीसमोरच्या बाभळीखाली बसली. चारपाच जण तिथंच पत्ते खेळत होते. उन्हात पत्रा तडतडत होता. आतून अधूनमधून पंपाच्या लोखंडाला काहीतरी लागल्याचा आवाज यायचा.

मग आतून हाक आली. "वहिनी. पानी द्या."

तिच्या हाताशी तांब्या होता. तिनं तो पदरानं झाकला.

"वहिनी."

तिलाही तहान होती. पण तिची तहान तिनं आपणहून धरलेली होती. दिवेलागण झाली की ती सुटणार होती. बसल्या जागी तिला हे कळलं.

खालच्या आळीकडून महेंद्रची आई, चांगुणा, आली. पायात चप्पल नाही, हातात पाण्याचा डबा. दाराला फट होती, तिथून ती पाणी सोडायला वाकली. हौशीरामानं डबा लाथाडला. पाणी धुळीत गेलं. म्हातारी पडली, मग हात टेकत उठली. हौशीरामाकडं तिनं बघितलंही नाही. ती बानूबाईपुढं येऊन उभी राहिली.

"बानू, तुजा नवरा धरला तवा माजं पोर तुज्यासंगं हिंडलं. कामाचं खाडं करून हिंडलं. आता माज्या पोराला धरलाय तर मी कुनाला संगं नेऊ? सांग. नाव सांग एक."

बानूबाई हौशीरामाकडं वळली.

"भावजी, कुठवर ठेवायचं ह्यांना?"

"बोलंल तवर," हौशीराम पत्ते पिसत म्हणाला.

"आन् त्यांना ठावंच नसंल तर?"

"ठावं नसतं तर भंडारा उचलला असता."

"आन् बोललेच न्हाईत तर?"

"मग ऱ्हाऊ द्या की आत. काय बिघडतंय?"

जेलच्या दारात फौजदार तिच्यापुढं वाकून बोलला होता तेव्हा त्याच्या तोंडाला सुपारीचा वास होता. हौशीरामाच्या तोंडाला भंडाऱ्याचा होता. ती उठली. कमरेची किल्ली काढली.

हौशीराम आडवा आला. "वैनी, बसा खाली."

"कुलूप काढते."

"कशापायी? तो निर्दोष हाय म्हणून कुनी सांगितलं तुम्हाला?"

"कुनीच न्हाई. मला काय बी ठावं न्हाई," ती म्हणाली. "तुमाला तरी कुठं ठावं हाय?"

त्यानं तिचं मनगट धरलं. तिनं ते सोडवून घेतलं. मग त्याची काठी तिच्या खांद्यावर आली, दुसरी पाठीवर. रविवारची उपाशी बाई, कपाळाला मळवट. बाकीच्यांच्या हातातले पत्ते तसेच राहिले. कुणी तिला धरलं नाही, कुणी त्याला आवरलं नाही. तिसऱ्या काठीला ती दारावर आपटली आणि तिचा ओठ कडीवर फाटला. पण किल्ली कुलपात गेली होती.

दार उघडल्यावर आधी उष्णता बाहेर आली, मग वास. महेंद्र पंपाला टेकून बसला होता. त्याचा एक डोळा बंद झाला होता, हात खांद्यातून भलत्याच बाजूला लोंबत होता. त्यानं कपड्यातच लघवी केली होती आणि तो पाय जवळ ओढून ते झाकत होता. तिनं नजर वळवली. बाभळीखालचा तांब्या आणून त्याच्या तोंडाला लावला. त्यानं एका दमात संपवला. चांगुणानं त्याला काखेतून धरलं, बानूबाईनं दुसरीकडून.

"हात काढा," महेंद्र तिला म्हणाला.

तिनं हात काढला. मग ती दोघांच्या पुढं चालत राहिली, काठी आली तर आधी आपल्याला लागावी म्हणून. काठी आली नाही.

सोमवारी शिरूरच्या दवाखान्यात महेंद्र पलंगावर निजला होता. खांदा बसवला होता, हात गळ्यात बांधला होता. बानूबाई दाराशी भिंतीला टेकून उभी होती. चांगुणानं तिला बस म्हटलं नाही.

महेंद्र भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "आज वकिलाकडं जायचं हुतं."

"पूनम गेली," बानूबाई म्हणाली. "तुमच्या घरनं कागद घिऊन पहिल्या गाडीनं गेली."

"सगळे नेले? मंडळाचा निकाल?"

"त्यो बी."

त्यानं नुसती मान हलवली. मग म्हणाला, "ज्योत्याची केस मी सोडनार न्हाई. त्यो माजा दोस्त हाय. पन तुमच्या ओट्यावर आता मी येनार न्हाई. आन् फिर्याद देनार हाय. तुमचं नाव बी सांगनार."

"सांगा."

हवालदार जबाब घ्यायला आला, पोटाशी फाईल धरून. महेंद्रचं लिहून घेतलं. मग विचारलं, "कुनी बघितलं का हे? साक्षीदार हाय का कोन?"

दवाखान्याच्या फाटकाशी हौशीराम मोटारसायकलवर बसलेला खिडकीतून दिसत होता. त्याच्यासोबत वस्तीतले आणखी दोघे. ते खिडकीकडंच बघत होते आणि तोंड फिरवत नव्हते.

"मी बघितलं," बानूबाई म्हणाली.

हवालदारानं तिचा फाटका ओठ बघितला, मग खिडकीबाहेर बघितलं. माणूस वाईट नव्हता. आवाज उतरवून म्हणाला, "बाई, तुम्हाला त्याच गावात ऱ्हायचंय. घरात बापय न्हाई म्हणता. तुमचं नाव ऱ्हाऊ दे तूर्त. कुनी अनोळखी लोकांनी मारलं, एवढं लिहितो."

"न्हाई. नाव लिवा. बानूबाई ज्योतिबा कोळपे. मोठ्या अक्षरात लिवा."

त्यानं सुस्कारा टाकून लिहिलं. तिनं सगळं सांगितलं. ताट, टिपरी, कोण कुठं उभा होता, कुणी हात पिरगाळला, काय शिव्या दिल्या. बारीक आवाजात, न थांबता, जसं ती पोथी वाचायची. महेंद्रनं भिंतीकडचं तोंड वळवलं होतं आणि उघड्या डोळ्यानं तो तिच्याकडं बघत होता.

"आन् खोलीला कुलूप हुतं म्हणता," हवालदारानं विचारलं. "किल्ली कुनापाशी हुती?"

"माझ्यापाशी."

हवालदाराचं पेन थांबलं. "बाई, हे लिहिलं तर तुम्ही साक्षीदार ऱ्हात न्हाई. आरोपी हुता."

"व्हय," बानूबाई म्हणाली. "तारीख मिळंल ना मला? लिवा."